टोपीचें घर

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. पण ज्या जिनसांच्या बळावर त्या लढाया झाल्या, त्यांच्या अंगावर उमटलेला इतिहास वाचण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशीं एक वाटोळी खोबण असते. तींत धातूची इवलीशी टोपी बसविलेली असते; सुईचा आघात होतांच ती पेटते व आंतल्या दारूस आग लावते. ह्या खोबणीस आपण टोपीचें घर म्हणूं. झाडलेल्या काडतुसांत नवी टोपी, दारू आणि गोळी भरून तीं पुन्हां वापरण्याची चाल अमेरिकेंतील नेमबाजांत फार आहे. सैन्यांतून आलेलीं काडतुसें भरतांना मात्र त्यांस पुष्कळदां एक अडचण येते: जुनी टोपी काढली तरी नवी त्या घरांत शिरत नाहीं. हें घर इतकें तंग कां, ह्या क्षुल्लक प्रश्नामागें मोठी हकीकत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चकमकीची बंदूक प्रचारांत होती. गारेची ठिणगी बाहेरच्या रंजकेवर पडे, भडका होई आणि क्षणभरानें आंतली दारू पेटे. स्कॉटलंडांतील बेल्हेल्व्ही येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांस शिकारीचा नाद होता. भडका पाहून पक्षी उडून जात, हें त्यांचें दुःख. आघातानें पेटणाऱ्या रासायनिक द्रव्यांची योजना करून त्यांनीं 1807 सालीं पेटंट मिळविलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली आणि पक्ष्यांकरितां काढलेली युक्ति माणसांवर चालूं लागली.

तरी टोपी आणि काडतूस हीं निराळींच राहिलीं. 1857 सालीं ज्याच्या चरबीवरून वणवा पेटला, तें एन्फील्ड रायफलीचें काडतूस कागदी होतें. शिपायानें तें दातांनीं फोडून दारू नळींत ओतावयाची, गोळी ठासावयाची आणि शेवटीं टोपी निराळी चढवावयाची. अवघ्या नऊ वर्षांनीं, 1866 सालीं, वूलिचच्या सरकारी लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल बॉक्सर यांनीं इंग्लंडांत व यादवी युद्धांत नेमबाजांचें पथक चालविलेले हायरम बर्डन यांनीं अमेरिकेंत, बुडाशींच टोपी असलेलीं काडतुसें सिद्ध केलीं. आपल्या पुण्याजवळ खडकीस 1869 सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो ह्याच संक्रमणाच्या काळांत.

दोघांच्या रचनेंत भेद होता तो ऐरणीचा. टोपींतील द्रव्य सुई आणि ऐरण यांमध्यें चिरडलें म्हणजे पेटतें. बर्डन यांनीं ही ऐरण काडतुसाच्या बुडांतच घडविली व तिच्या बाजूंस बारीक छिद्रें ठेविलीं. बॉक्सर यांनीं ती टोपींतच बसविली. त्यामुळें घराच्या मध्यभागीं एकच छिद्र पुरलें. त्या छिद्रांतून सळई घातली कीं जुनी टोपी सहज निघते. दैवगति अशी कीं, इंग्रजाची टोपी अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची युरोपांतील बहुतेक सैन्यांनीं! अमेरिकेंत पुनर्भरणाची चाल रुजली, तिचें एक मोठें कारण हेंच.

पूर्वीं खुद्द अमेरिकन सैन्यहि काटकसर करी. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रशाळेनें 1882 सालापासून बाहेरून टोपी बसविण्याजोगीं काडतुसें काढलीं, आणि सरावासाठीं पलटणी तीं स्वतः पुन्हां भरीत. पुढें बिनधुराची दारू आली, दाब वाढला, मशीनगन आली. दाबानें टोपी निसटून यंत्रांत पडली तर ऐन लढाईंत बंदूक अडावयाची. म्हणून टोपी बसविल्यावर घराचा कांठ चेपून ती जखडून टाकण्याची रीत पडली. सैन्याच्या दृष्टीनें काडतूस एकदांच जगावयाचें होतें. त्यानें पुन्हां भरणाऱ्याची चिंता कां वाहावी?

तोच चेपलेला कांठ पुढें नेमबाजाच्या वाटेंत आडवा येतो. तेथें बळ उपयोगी नाहीं. दडपलेली टोपी चेंगरते, तिरपी बसते, क्वचित् हातांतच पेटते. ती बुडाच्या पातळीवर डोकावत राहिली तर धोका आणखी मोठा: 1936 सालीं स्वीकारलेल्या गॅरंडसारख्या स्वयंचलित रायफलींत सुई मोकळी असते, आणि दार पुरतें बंद होण्यापूर्वींच बार उडूं शकतो. म्हणून जाणता मनुष्य आधीं घरांतील काजळी खरवडतो व कांठ पाहतो. मग पोलादी ठशानें तो कांठ मागें दाबतो, किंवा कातणाऱ्या हत्यारानें नेमका उंचवटाच छाटतो. अधिक छाटलें तर घर सैल होतें, टोपी टिकत नाहीं, तप्त वायु मागें फुटतो. तें काडतूस मोडींतच टाकावें लागतें.

येथें दोष पितळेचा नाहीं, कारागिराचाहि नाहीं. एकाच्या सुरक्षिततेसाठीं घातलेलें बंधन दुसऱ्याच्या हातीं संकट होतें, कारण वस्तु तीच राहून तिचा हेतु बदललेला असतो. जुन्या वस्तूस नव्या कामास लावावयाचें, तर तिच्यावर जोर करण्यापूर्वीं ती अशी कां घडली हें विचारावें. काडतुसापुरतें बोलावयाचें, तर हा प्रश्न न विचारणाऱ्यास उत्तर स्फोटाच्या रूपानें मिळतें.