बी. रघुनाथ

भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३), कादंबरीकार, कथाकार व कवी. जन्म तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच मोडत असल्याने हिंगोलीच्या वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवात त्यांना वगळून करता येत नाही. निजामी राजवटीत सरकारदरबारी उर्दूचा अंमल. दिवसभर बांधकाम खात्यात कारकुनी करायची आणि उरल्या वेळात मराठीत लिहायचे, असा त्यांचा संसार. तेवढ्या वेळातच ‘ओ’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या लिहून झाल्या. पुण्या-मुंबईच्या समीक्षेने त्यांची दखल फार उशिरा घेतली, हा अन्यायच होय. चाळिशीतच ते गेले. नव्या वाचकाने ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आधी वाचावी.