इनामगावचे दुधाचे सुळे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोडनदीकाठच्या इनामगावी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत, बालके पुरलेली आढळली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरील खळग्यांचा संबंध लुकाक्स व वाळिंबे यांनी १९९८ साली बदलत्या हवामानाशी व उपजीविकेशी जोडला. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी प्रथिनांच्या साहाय्याने कॅल्शियमचा ओघ सांभाळतात आणि दात उगवताच नाहीशा होतात; म्हणून हाडाची झीज भरून येते, तशी दंतवल्कातील उणीव भरून येत नाही. तथापि प्रत्येक खळगा हा कॅल्शियमच्या तुटवड्याने त्या पेशींत उपजलेला दोष मानणे घाईचे होईल. पोषणाअभावी जबड्याचे हाड विरळ राहिले, तर त्याआड घडणाऱ्या सुळ्यास किरकोळ आघातही पुरतो. हे सारे जन्माच्या आसपास घडते; तेव्हा इनामगावच्या मातांचा आहारही येथे विचारात घ्यावा लागतो.