एका पडद्याचे अनेक मालक

एकाच संगणकावर विंडोज, लिनक्स अशा दोन-तीन कार्यप्रणाली एकाच वेळी चालू ठेवाव्यात, त्यांतल्या प्रत्येकीला एखाद-दोन मॉनिटर पूर्ण व्यापू द्यावेत आणि कळफलकावरची एखादी जोडकळ दाबून एकीतून दुसरीत जावे, ही पद्धत प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्यांच्या टेबलांवर आता रुळली आहे. तिच्यात दोन स्वतंत्र कल्पना एकत्र आल्या आहेत. पहिली व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आधारे उभ्या केलेल्या अशा आभासी संगणकाची, ज्याच्या आत चालणाऱ्या प्रणालीला आपण खऱ्या यंत्रावरच आहोत असे वाटते. दुसरी वर्कस्पेसची, म्हणजे एकाच पडद्यावर आळीपाळीने अवतरणाऱ्या अनेक डेस्कटॉपांची. या दोन कल्पना निरनिराळ्या दशकांत, निरनिराळ्या प्रयोगशाळांत आणि निरनिराळ्या गरजांतून जन्मल्या असल्या, तरी त्यांचा पूर्वज एकच आहे, आणि तो पडद्याशी नव्हे तर संगणकाच्या मेमरीशी संबंधित आहे.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडलेला आणि १९६२च्या डिसेंबरात कार्यान्वित झालेला ॲटलस हा संगणक या वंशावळीच्या आरंभी येतो. त्याची वेगवान मेमरी १६ हजार शब्दांची होती आणि तिच्या पाठीशी फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजार शब्दांची संथ मेमरी होती. परंतु प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसावी, अशी योजना यंत्रातच केलेली होती. मेमरीचे ‘पान’ या नावाने ओळखले जाणारे सारख्या आकाराचे तुकडे करायचे, ज्या पानाची गरज पडेल ते ड्रमवरून आत आणायचे आणि ज्याची गरज सरली ते बाहेर पाठवायचे, हा या व्हर्च्युअल मेमरीचा गाभा होता. साधन अपुरे असताना ते मुबलक असल्याचा भास निर्माण करण्याची ही युक्ती पुढे मेमरीपुरती उरली नाही.

तिचा पहिला मोठा विस्तार अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे, आयबीएमच्या सायंटिफिक सेंटरमध्ये झाला. शेजारच्या एमआयटी या संस्थेने आपल्या ‘प्रोजेक्ट मॅक’ या संशोधन प्रकल्पासाठी १९६४ साली आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले होते, आणि अनेकांनी एकच संगणक एकाच वेळी वापरण्याच्या तंत्रात आयबीएम मागे पडल्याची टोचणी त्या केंद्रातील मंडळींना होती. त्या वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० या प्रणालीचा आराखडा आखला. वापरणाऱ्यांमध्ये केवळ वेळ वाटून देण्याऐवजी प्रत्येकाला एक पूर्ण संगणकच द्यावा, असा तिचा विचार होता. सिस्टिम/३६० मालिकेतल्या मॉडेल ४० या यंत्रात पाने हाताळणारी खास जोडणी करून त्यावर चौदा आभासी यंत्रे उभी करण्यात आली. प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी होती आणि १९६७च्या जानेवारीपासून त्यांचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. याच वंशातील व्हीएम/३७० हे उत्पादन आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केले.

या आभासी यंत्रांना पडदा कोणता होता, हा प्रश्न प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर बराच काळ ‘टंकयंत्र’ असे होते. खऱ्या मॉडेल ४०ला चालकासाठी टंकयंत्रासारखा कन्सोल असे. म्हणून आभासी यंत्रालाही तसाच कन्सोल हवा, आणि वापरणाऱ्याचे टर्मिनल हाच त्याच्या यंत्राचा कन्सोल मानला जाई. एक माणूस, एक टर्मिनल, एक यंत्र असा हिशेब असल्याने एका काचेवर अनेक यंत्रांनी हक्क सांगण्याचा प्रसंगच येत नव्हता. तरीही आज ज्याला प्रत्येक वापरकर्ता तोंड देतो तो पेच तेव्हाच उद्भवला होता: टंकलेली अक्षरे आभासी यंत्रासाठी आहेत की त्याच्या खाली बसून सर्वांना सांभाळणाऱ्या नियंत्रक प्रोग्रॅमसाठी? त्यासाठी एक कळ राखून ठेवावी लागली. पुढे ३२७० जातीची पडदा असलेली टर्मिनले आली तेव्हा पीए१ ही कळ दाबली की वापरणारा आपल्या यंत्रातून बाहेर पडून नियंत्रकाशी बोलू लागे, आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘सीपी रीड’ किंवा ‘व्हीएम रीड’ अशी पाटी उमटून या क्षणी ऐकणारा कोण आहे ते सांगे. यंत्र चालू ठेवून टर्मिनल सोडून देण्याची आणि नंतर पुन्हा त्याच यंत्राशी जोडून घेण्याची आज्ञाही व्हीएम/३७०मध्ये होती. यंत्र आणि त्याचे दर्शन यांची फारकत करणारी ती आज्ञा तिच्या साधेपणामुळे इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटते, पण दर्शन यंत्रापासून सुटे झाल्याशिवाय ते हव्या त्या पडद्यावर मांडणे शक्यच नव्हते. १९८३ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या ३२९० या नारिंगी प्लाझ्मा पटलावर तर चार टर्मिनले एकत्र दिसू शकत.

वर्कस्पेसचा जन्म याहून सर्वस्वी वेगळ्या वातावरणात झाला. कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एकमेकांवर चढणाऱ्या विंडोंची पद्धत १९७०च्या दशकात आकाराला आली आणि तिच्याबरोबर तिची गैरसोयही आली. कागदांसाठी खरे टेबल जेवढी जागा देते तिच्या तुलनेत पडद्याची जागा फारच थोडी असल्याने कामापेक्षा विंडो हलवण्यातच वेळ जाऊ लागला. ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रूम्स’ या प्रणालीविषयीच्या निबंधात या गैरसोयीचे निदान थेट मेमरीच्या शास्त्रातून केले. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवून दिले होते की कोणताही प्रोग्रॅम एका कालखंडात मोजक्याच पानांभोवती घुटमळतो, आणि या पानांचा संच मेमरीत मावला नाही तर यंत्राचा सगळा वेळ पानांची ने-आण करण्यातच खर्च होतो. हेंडरसन आणि कार्ड यांचे म्हणणे असे की माणूसही एका कामाच्या वेळी ठरावीक विंडोंभोवतीच घुटमळतो, आणि त्या पडद्यावर मावल्या नाहीत तर त्याचीही तशीच दमछाक होते. म्हणून प्रत्येक कामाच्या विंडोंचा संच एका ‘खोलीत’ ठेवावा आणि काम बदलताना खोलीच बदलावी.

या रचनेतील बारकावे आजच्या प्रणालींपेक्षा पुष्कळ अंशी अधिक सूक्ष्म होते. खोल्यांना दारे होती; आल्या वाटेने परत नेणारे मागचे दार होते; घड्याळासारख्या ज्या गोष्टी सर्व खोल्यांत बरोबर राहाव्यात त्यांच्यासाठी ‘खिसे’ होते, तर एखादी विंडो एकदाच दुसऱ्या खोलीत न्यायची असल्यास ती ‘सामान’ म्हणून सोबत घेता येई. सर्व खोल्यांची लघुचित्रे एकत्र दाखवणारा आढावाही होता. एकच विंडो दोन खोल्यांत दोन वेगळ्या जागी आणि आकारांत असू शकते, हे त्यांनी मान्य केले होते. नंतरच्या बहुतेक डेस्कटॉपांनी हा शहाणपणा सोडून दिला.

प्रसाराचा भाग थोडक्यात सांगता येतो. युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीवर, ‘टीडब्ल्यूएम’ या विंडो व्यवस्थापकाचे कर्ते टॉम लास्ट्रेंज यांनी सोलबोर्न कंपनीसाठी लिहिलेल्या विंडो व्यवस्थापकात पडद्याहून मोठा, सरकवता येणारा डेस्कटॉप आला. १९९३च्या सुमारास एफव्हीडब्ल्यूएम या मुक्त प्रोग्रॅममुळे ही सोय लिनक्सच्या घरोघरी पोहोचली, तर त्याच दशकात युनिक्स विक्रेत्यांनी मिळून केलेल्या सीडीई या डेस्कटॉपच्या तळपट्टीवर एकपासून चारपर्यंत वर्कस्पेसची बटणे बसली. ॲपलने २००७च्या ऑक्टोबरात आपल्या लेपर्ड या प्रणालीत ‘स्पेसेस’ आणले. मायक्रोसॉफ्टला मूळ प्रणालीत ही सोय देण्यास २०१५च्या विंडोज १०पर्यंत वेळ लागला, आणि तोवर विंडोज एक्सपीसाठीच्या जोडसाधनासारख्या उपायांवर लोकांना भागवावे लागले. अनेक मॉनिटरांची गोष्ट याला समांतर चालली: मॅकिंटॉश २ने ती १९८७ साली, विंडोज ९८ने नऊ मॉनिटरांपर्यंत, आणि लिनक्सवर २०००मध्ये एक्सफ्री८६ ४.०मधल्या झिनेरामाने, ज्याचे मूळ डीईसी कंपनीत होते, ती शक्य केली.

आभासी यंत्र मात्र या काळात मोठ्या यंत्रांच्या खोलीतच अडकले होते, कारण वैयक्तिक संगणकाचा इंटेल प्रोसेसर त्याला अनुकूल नव्हता. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली घालून दिलेल्या कसोटीनुसार, यंत्राच्या अवस्थेला हात घालणारी प्रत्येक आज्ञा नियंत्रकाच्या हाती सापडली पाहिजे. इंटेलच्या काही आज्ञा, उदाहरणार्थ ‘पॉपएफ’, अधिकार नसताना चालवल्यास अडखळत नाहीत, निमूटपणे चुकीचे फळ देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम यांच्या गटाने आभासी यंत्रांच्या ‘डिस्को’ या प्रयोगावर काम केले, आणि त्यातूनच १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याचे तंत्र वापरून १९९९च्या मे महिन्यात वर्कस्टेशन हे उत्पादन आणले. २००५च्या अखेरीस इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच आधार दिल्यावर पॅरलल्स, व्हर्च्युअलबॉक्स, केव्हीएम अशी साधने दीड-दोन वर्षांत एकामागोमाग अवतरली.

आता कन्सोल टंकयंत्र राहिले नव्हते. पाहुण्या प्रणालीला, म्हणजे आभासी यंत्रातल्या प्रणालीला, एक कल्पित ग्राफिक्स कार्ड दाखवले जाई, आणि तिने त्यावर रंगवलेले चित्र यजमान प्रणालीच्या एका विंडोत उतरे. पाहुणीत खास ड्रायव्हर बसवल्यास विंडोच्या आकाराबरोबर तिचा डेस्कटॉपही बदले, आणि त्या कल्पित कार्डाला दोन-चार मॉनिटर जोडल्याचे भासवणेही अवघड नव्हते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या २००७च्या सहाव्या आवृत्तीत ते आले. पीए१चा वारसा ‘होस्ट की’कडे गेला: व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल आणि आल्ट एकत्र. यातली दुसरी जोडी दुर्दैवी होती, कारण लिनक्सवरच्या ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर वर्कस्पेस बदलण्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि बाणाची कळ हीच रूढ होती.

खरा तंटा मात्र ‘फुल स्क्रीन’ या मागणीतून उभा राहिला. पूर्ण पडदा मागणारा प्रोग्रॅम एकाधिकार मागतो, आणि वर्कस्पेस तर वाटणीच्या तत्त्वावर उभी असते. एका मॉनिटरवर एकच आभासी यंत्र असेल तेव्हा तोडगा सोपा आहे, त्याला स्वतंत्र वर्कस्पेस द्यावी. परंतु यंत्राला दोन मॉनिटर हवे असतील आणि टेबलावर तीन असतील, तर कोणते दोन? एक्सवरील डेस्कटॉपांच्या सामायिक नियमावलीने यासाठी एक खूण ठरवली, जिच्यात विंडोची वरची, खालची, डावी आणि उजवी कड कोणत्या मॉनिटरने ठरेल ते चार अंकांनी सांगितले जाते. हा तोडगा कल्पक असला तरी मॉनिटर आडव्या सरळ रेषेत नसले की मधली नको असलेली जागाही त्या चौकटीत सापडते. व्हर्च्युअलबॉक्सने प्रत्येक आभासी मॉनिटरला स्वतंत्र विंडो दिली, पण पूर्ण पडद्यासाठी निदान तितकेच खरे मॉनिटर असावेत, अशी अट घातली.

ॲपलची वाटचाल यातली सर्वांत बोलकी आहे. २०११च्या लायनमध्ये पूर्ण पडद्यावर गेलेल्या प्रोग्रॅमला आपोआप स्वतंत्र स्पेस मिळू लागली, पण दुसऱ्या मॉनिटरवर त्या वेळी करड्या कापडाच्या पोताखेरीज काही उरत नसे, म्हणजे दोन मॉनिटर असणाऱ्याला ती शिक्षाच होती. २०१३च्या मॅव्हरिक्सने प्रत्येक मॉनिटरला आपल्या स्पेसेस स्वतंत्रपणे दिल्या. मात्र त्याची किंमत म्हणून एक विंडो दोन मॉनिटरांवर पसरेनाशी झाली, आणि ज्यांना ती पसरायला हवी होती त्यांना ही सोय सेटिंग्जमधून बंद करावी लागे.

लिनक्सवर एक्सला पर्याय म्हणून २००८ साली सुरू झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीने प्रश्नाची मांडणीच बदलली. तिच्यात प्रोग्रॅमला आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळत नाही, पूर्ण पडदा मागताना तो एकाच मॉनिटरचे नाव सांगू शकतो, आणि साऱ्या कळा आपल्याकडे खेचून घेण्याची एक्सवरची मुभा त्याला नाही. त्यामुळे अनेक मॉनिटरांच्या आभासी यंत्राला प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळी विंडो उघडून तितक्याच वेळा मागणी करावी लागते. कळांसाठी ‘शॉर्टकट रोखण्याची’ एक वेगळी तरतूद आहे. ग्नोमवर एखादा प्रोग्रॅम ती वापरू लागला की डेस्कटॉप प्रथम वापरणाऱ्याला परवानगी विचारतो, आणि दिलेली परवानगी सुपर व एस्केप या कळा दाबून केव्हाही मागे घेता येते.