एका भाषेची शेवटची तारीख

बोलभाषेला मृत्युतिथि नसते. लॅटिन लोकांच्या तोंडून नेमकी कोणत्या दिवशीं नाहींशी झाली, किंवा महाराष्ट्री प्राकृत बोलणारा शेवटचा मनुष्य कोण, हें कोणताहि इतिहासकार सांगूं शकणार नाहीं. संगणकास आज्ञा देण्यासाठीं मनुष्यानें ज्या कृत्रिम भाषा रचल्या त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांपैकीं पायथॉन नामक भाषेच्या जुन्या रूपाचा सांभाळ कोणत्या सालीं थांबेल हें तिच्या पालकांनीं सुमारें सहा वर्षें आधीं जाहीर केलें, आणि १ जानेवारी २०२० हा दिवस उजाडतांच तें व्रत पाळलें. आपण निर्माण केलेली, लाखो लोकांच्या नित्य उपयोगांतली वस्तु सोडून देण्याचा अधिकार कोणास असतो, आणि तो बजावण्याची योग्य रीति कोणती, हा प्रश्न या प्रकरणानें स्पष्टपणें पुढें आणला, म्हणून त्याचा इतिहास जाणण्यासारखा आहे.

ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९८९ च्या डिसेंबरांत ॲमस्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेंत असतां या भाषेची रचना आरंभिली. ‘मॉंटी पायथॉन’ या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून त्यानें तिचें नांव ठेविलें, आणि १९९१ सालीं ती लोकांच्या हातीं दिली. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिची अंतर्रचना कोणीहि पाहावी, उतरून घ्यावी, पालटावी आणि पुन्हा वाटावी. तिला मोल नाहीं, म्हणून विकणारा नाहीं आणि विकत घेणाराहि नाहीं. तिची डागडुजी बहुतांशीं स्वयंसेवकांच्या हातून होत आली.

आरंभीं घेतलेल्या कांहीं निर्णयांचे दोष कालांतरानें दिसूं लागले. दुसऱ्या आवृत्तींत ७ ला २ नें भागिलें असतां उत्तर ३ येई. पण खरी अडचण लेखनाची होती. साधी अक्षरमाला म्हणजे यंत्राच्या साठवणींतील ‘बाइटां’ची मालिका, असें ती आवृत्ति समजत असे. ‘मराठी’ हा शब्द घ्या. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतानुसार त्यांत म, र, काना, ठ आणि वेलांटी अशीं ५ चिन्हें आहेत. रूढ पद्धतीनें साठवतांना प्रत्येकास ३ बाइट लागतात. त्यामुळें या शब्दाची लांबी जुनी भाषा १५ सांगे, नवी ५ सांगते. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो, तेव्हां केवळ इंग्रजींत काम करणारास हा दोष दिसत नसे. युनिकोडासाठीं निराळी तजवीज होती; परंतु दोन्ही प्रकार एकमेकांत निमूटपणें मिसळत, आणि एखादें देवनागरी नांव आलें कीं चालतें काम अचानक बंद पडे. ज्यांची लिपि रोमन नाहीं अशा आपल्यासारख्यांच्या दृष्टीनें हा पालट केवळ पंडितांची हौस नव्हती.

असा दोष थोडथोडा दुरुस्त करतां येत नाहीं, कारण जुन्या आज्ञावली त्या दोषावरच विसंबून असतात. म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजीं निघालेली तिसरी आवृत्ति बुद्धिपुरस्सर जुनीशीं विसंगत ठेविली गेली. जुन्या लिखाणाचें रूपांतर करणारें एक साधनहि सोबत दिलें. लोक चारपांच वर्षांत पलीकडे जातील अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. प्रत्येक आज्ञावली इतरांनीं लिहिलेल्या अनेक संग्रहांवर उभी असते. पाया नव्या भाषेंत नाहीं म्हणून इमारत हलत नाहीं, आणि इमारतींत राहणारे मागणी करीत नाहींत म्हणून पायाहि हलत नाहीं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहात बसला. २०१० च्या जुलैंत जुन्या मालिकेंतील शेवटची आवृत्ति, २.७, निघाली, तिच्यापुढें २.८ कधींहि निघणार नाहीं असेंहि जाहीर झालें. तिचा सांभाळ २०१५ मध्यें थांबावयाचा होता. २०१४ सालीं ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली.

दरम्यान पालकांना एक गोष्ट उमगली होती. सर्वांनीं एकदम उडी मारावी ही अपेक्षाच चुकीची होती. दोन्ही तीरांवर पाय ठेवतां येईल असा पूल हवा होता. २०१२ मध्यें ३.३ या आवृत्तीनें वगळलेलें एक जुनें लेखनचिन्ह परत आणलें, तें एवढ्याचसाठीं. दोहोंत चालणारें लिखाण सुलभ करणाऱ्या एका लहान संग्रहास तर ‘सिक्स’ असें नांव होतें, कारण दोन त्रिक सहा.

पण पुलावर कायम बिऱ्हाड करतां येत नाहीं. संग्रहांच्या कर्त्यांना प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावी लागे, नव्या भाषेच्या सोयी हाताशीं असून वापरतां येत नसत. आणि हें सारें फावल्या वेळांत, बहुधा विनामूल्य. अखेर एकेकानें जुनीचा आधार काढून घेतला. आयपायथॉननें २०१७ च्या एप्रिलांत, जँगोनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, नमपायनें २०१९ मध्यें. येथें एका सोयीचा उल्लेख केला पाहिजे. संग्रह उतरवून घेणारें ‘पिप’ हें साधन पूर्वीं सर्वांत नवी आवृत्तीच हातीं देई. २०१६ पासून तें आधीं मागणाराकडे कोणती भाषा आहे हें पाहूं लागलें, आणि जुनीच्या वापरणारास त्याला चालेल अशी शेवटची आवृत्ति देऊं लागलें. दार बंद करतांना कोणाचें बोट चेमटणार नाहीं, याची ही काळजी होती.

तरीहि गाऱ्हाणें उरतेंच. एखाद्या प्रयोगशाळेंत दहा वर्षें बिनतक्रार चाललेली आज्ञावली असते. ती लिहिणारा केव्हांच निघून गेलेला असतो. कोणाच्या तरी निर्णयामुळें तिच्यावर पुन्हा श्रम आणि पैसा कां खर्चावा? फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कसली, असें उत्तर देणें सोपें आहे, पण पुरेसें नाहीं. विश्वास ठेवा असें ज्यानें म्हटलें त्याच्यावर कांहीं ऋण चढतेंच. मात्र त्या ऋणाची मर्यादाहि पाहिली पाहिजे. जुनी भाषा कोणीं हिरावून घेतली नाहीं. २०२० च्या एप्रिलांत निघालेली २.७.१८ ही अखेरची आवृत्ति आजहि मिळते. पायपाय या पर्यायी मंडळीनें २.७ चालू ठेविली. रेड हॅट कंपनीनें आपल्या ग्राहकांसाठीं तिचा सांभाळ २०२४ पर्यंत केला. मागें घेतले गेले ते स्वयंसेवकांचे श्रम. आणि ते सदैव मिळावेत असा हक्क कोणासहि नव्हता.

या अनुभवानंतर पालकांनीं शेवट हा नित्यक्रमाचा भाग करून टाकला. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणें दरसाल एक आवृत्ति निघते आणि प्रत्येकीचा सांभाळ पांच वर्षें होतो; जन्माच्या वेळींच अखेरचें साल ठाऊक असतें. माझ्या मतें सोडून देण्याचा अधिकार ओझें वाहणाराचाच आहे. परंतु तारीख वेळेवर सांगणें, मधल्या काळांत पूल बांधून देणें, आणि जुनी प्रत शोधणारास ती सांपडेल अशी ठेवणें, इतकें त्यानें केलें पाहिजे. पायथॉनच्या पालकांना हें शिकावयास अकरा वर्षें लागलीं. ज्या संस्था आणि कचेऱ्या आपलीं जुनीं दप्तरें, जुने नमुने व जुने नियम कोणास न कळवितां एके दिवशीं रद्द करतात, त्यांना तें याहून लवकर शिकतां येईल.