समुद्रावर धावणारा बाण : डॅशबोर्डमधील नकाशाचा इतिहास

१/
१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरच्या या मार्गापैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. त्यापूर्वीचा नकाशा पोटात घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी या सेतूवर चढली, की तिच्या पडद्यावरचा बाण रस्ता सोडून निळ्या रंगात शिरतो. चालक पक्क्या काँक्रीटवर असतो; यंत्राच्या मते तो समुद्रात असतो.

२/
नवी मुंबईतील अनेक वाहनधारकांसाठी ही गंमत आता खर्चाची बाब झाली आहे. इंजिन ठणठणीत, पडदा शाबूत, पण ‘कंपनी फिटेड’ नेव्हिगेशन निरुपयोगी. ते काढून त्या जागी कोणता संगणक बसवावा? दुकानात या प्रश्नाचे उत्तर इंचांत आणि जीबींत मिळते. इतिहासात डोकावले तर ते वेगळे मिळते. गाडीतला पडदा झिजण्यापूर्वी त्यातला नकाशा जुना होतो. म्हणून निवड करताना पाहायचे ते नकाशा कोठे राहतो आणि गाडीचे स्थान कोण सांगते, हे. त्या दोन प्रश्नांचा हा मागोवा. 🧵

३/
आरंभ शहरापासून करावा लागेल. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर शहर आखले गेले. अर्थात येथे नकाशा आधी आला आणि रस्ता नंतर.

४/
आणि रस्ता येतच राहिला. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल, १९९७ मध्ये दुसरा, १९९९ मध्ये ऐरोलीचा, २०२४ मध्ये वाशीच्याच तिसऱ्या पुलाची पहिली मार्गिका, आणि त्याच वर्षी अटल सेतू. जुन्या पुण्याच्या पेठांचा वीस वर्षांपूर्वीचा नकाशा आजही बराचसा उपयोगी पडेल. नवी मुंबईचा पाच वर्षांपूर्वीचा नकाशा मात्र ऐतिहासिक दस्तऐवज ठरतो.

५/
येथील पत्त्याची रीतही निराळी आहे. नोड, सेक्टर, प्लॉट नंबर. ही रचना संगणकासाठीच केलेली वाटते. पण प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची गणना नव्याने सुरू होते. सेक्टर १५ वाशीत आहे, बेलापुरात आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरमध्येही आहे. शहर, रस्ता, घर क्रमांक या युरोपीय क्रमाने पत्ता मागणारे कारखान्यातील यंत्र येथे गोंधळते. माणसे ‘डेपोच्या समोर’ किंवा ‘गावठाणाच्या मागे’ असे सांगून मोकळी होतात.

६/
आता यंत्राकडे वळू. ऑगस्ट १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ हे उपकरण बाजारात आणले. त्या वेळी नागरी वापरासाठी उपग्रहीय स्थाननिश्चितीची सोय नव्हती. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप गाडीचे वळण ओळखे आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजले जाई. नकाशा पारदर्शक फिल्मवर छापलेला असे. चालक ती फिल्म पडद्यासमोर बसवी आणि तिच्यामागून प्रकाशाचा ठिपका सरके. फिल्मची कड आली की दुसरी फिल्म लावायची.

७/
१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ईटॅक’ हे उपकरण आले. हे नाव प्रशांत महासागरातील कॅरोलाइन बेटांवरील नाविकांच्या विद्येतून घेतलेले आहे. ते नाविक होडी स्थिर मानत आणि बेटे मागे सरकतात अशी कल्पना करून दिशा राखत. ईटॅकच्या पडद्यावरही गाडीची खूण मध्यभागी स्थिर राही आणि नकाशा तिच्याभोवती फिरे. आज प्रत्येक फोनवर दिसणारे दृश्य ते हेच. हा नकाशा मात्र कॅसेटवर होता, आणि एका महानगराला एक कॅसेट पुरत नसे.

८/
चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेल्या स्थानात चूक साचत जाते. तो दोष उपग्रहांनी दूर केला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. १९९० च्या माझदा युनोस कॉस्मो या गाडीत ते कारखान्यातूनच बसवलेले होते. तथापि नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये काढली गेली आणि सुमारे १०० मीटरची अनिश्चितता १० ते २० मीटरवर आली. शंभर मीटरची चूक वाशीत गाडीला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व कळते.

९/
भारतात अडचण उपग्रहाची नव्हती, कागदाची होती. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडे तपशीलवार नकाशे होते. परंतु सीमावर्ती आणि किनारी पट्ट्यांचे नकाशे ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडत. मुंबई आणि नवी मुंबई किनाऱ्यावरच. १९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करी आणि खुली अशा दोन मालिका वेगळ्या केल्या आणि नागरी वापराची वाट काहीशी मोकळी झाली.

१०/
दरम्यान खासगी प्रयत्न सुरू झाले होते. राकेश आणि रश्मी वर्मा या दाम्पत्याने १९९५ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या संस्थेतून पुढे ‘मॅपमायइंडिया’ हे नाव प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये त्यांचा नकाशा इंटरनेटवर आला. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने भारतातील मार्गदर्शनात खुणेच्या जागांचा उल्लेख सुरू केला. अमुक रस्त्यावर वळा असे म्हणण्याऐवजी अमुक पेट्रोल पंपानंतर वळा, असे यंत्र सांगू लागले. भारतीय माणूस पत्ता कसा सांगतो, हे यंत्राला उशिरा का होईना उमगले.

११/
याच सुमारास कारखान्यातील नेव्हिगेशन महागड्या गाड्यांतून मध्यमवर्गीय गाड्यांत उतरू लागले. नकाशा फिल्मवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडी-डीव्हीडीवर आणि तेथून मेमरी कार्डावर आला. पण प्रत्येक वेळी तो गाडीत कुलूपबंदच राहिला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. कार्डावरचा नकाशा कंपनी अद्ययावत करीत राहील तोवरच जिवंत. ही दोन आयुष्ये जुळत नाहीत, आणि नव्या सेतूवर ती विसंगती उघडी पडते.

१२/
जुने यंत्र काढून नवे बसवता येते, याचे श्रेय एका भोकाला आहे. जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘डिन’ म्हणून ओळखले जाणारे माप: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. दुप्पट उंचीचे ते ‘डबल डिन’. रेडिओसाठी ठरलेल्या या खाचेमुळे एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे यंत्र बसू लागले. पुढे पडदे डॅशबोर्डच्या आकारात मिसळले आणि खाच लोपली; आता प्रत्येक गाडीसाठी वेगळी फ्रेम घ्यावी लागते.

१३/
त्या खाचेत संपूर्ण संगणक बसवण्याचे प्रयत्नही झाले. १९९८ मध्ये क्लॅरियन आणि मायक्रोसॉफ्ट यांचा ‘ऑटो पीसी’ आला. २००१ मध्ये १७ सेंटिमीटर चौरस आकाराचा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड आल्यावर हौशी मंडळींनी गाडीत संगणक, हार्ड डिस्क आणि सात इंची पडदा बसवला. मोठा शत्रू विजेचा होता: स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब क्षणभर कोसळे आणि संगणक बंद पडे. त्यासाठी वेगळा वीजपुरवठा लागे. तो उद्योग हौसेपुरता राहिला. पण गाडीतला नकाशा मालकाने स्वतः बदलावा, ही कल्पना त्यात रुजली.

१४/
२०१४ मध्ये ॲपलचे ‘कारप्ले’ आले आणि गूगलने ‘अँड्रॉइड ऑटो’ची घोषणा केली. गाडीतला पडदा आता फोनचे प्रतिबिंब दाखवू लागला. नकाशा फोनात, आणि फोन खिशात. कुलूप अखेर निघाले. आज बाजारात दोन मार्ग दिसतात. एक, फोनचे प्रतिबिंब दाखवणारे यंत्र. दुसरा, ज्याला दुकानदार ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणतात, तो स्वतंत्र संगणक. दुसऱ्याचा मोह मोठा असतो. पण त्याची प्रणाली अद्ययावत होत नसेल, तर काही वर्षांनी तोही जुन्या नेव्हिगेशनच्याच पंक्तीत बसतो. पहिल्यात जुने होते ते फोनात, आणि फोन तसाही बदलला जातो.

१५/
या मुक्तीची एक किंमत आहे, आणि ती दुकानात क्वचितच सांगितली जाते. कारखान्याच्या यंत्राला चाकांचा वेग थेट कळतो. १९८६ मध्ये बॉश कंपनीने मांडलेल्या ‘कॅन’ या जाळ्यावरून गाडीचे भाग एकमेकांशी बोलतात. त्या संकेताच्या आणि जायरोस्कोपच्या आधारे उपग्रह दिसत नसतानाही बाण पुढे सरकतो. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात फोन चाचपडतो. जुने यंत्र तेथे बरे चालते. १९८१ च्या जायरोकेटरची विद्या अजून त्यात जिवंत असते. ते उपटून टाकताना ती विद्याही भंगारात जाते.

१६/
ती वाचवता येते. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोहोंत गाडीच्या संवेदकांकडून माहिती घेण्याची तरतूद आहे. मात्र नव्या यंत्राने ती पुरवली पाहिजे. म्हणून पडद्याचा आकार विचारण्यापूर्वी विचारण्याजोगे प्रश्न असे: यंत्र गाडीचा वेग वाचते का? जोडणी ‘कपलर टू कपलर’ होईल की तारा कापाव्या लागतील? जीपीएसचा अँटेना काचेजवळ बसेल की लोखंडाखाली? स्टीअरिंगवरची बटणे आणि रिव्हर्स कॅमेरा चालू राहतील का? नेटवर्क नसताना नकाशा उघडेल का? आणि काढलेले मूळ यंत्र जपून ठेवावे. गाडी विकताना ते उपयोगी पडते.

१७/
अद्ययावत नकाशा म्हणजे अचूक वाट, हा समजही तपासून घ्यावा. जुलै २०२५ मधील एका मध्यरात्री बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक गाडी फोनवरील नकाशाच्या आधारे चालली होती. ती खाडीपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने ध्रुवतारा जेट्टीपर्यंत गेली आणि पाण्यात पडली. जवळच असलेल्या सागरी सुरक्षा पोलिसांनी चालक महिलेचे प्राण वाचवले. सेतूवरचा बाण नकाशात समुद्रात बुडतो; येथे नकाशा कोरडा राहिला आणि गाडी बुडाली.

१८/
यामागे तत्त्वतः एक जुनी मर्यादा आहे. उपग्रह गाडी कोठे आहे ते सांगतात. ती पुलावर आहे की पुलाखाली, हे ओळखण्यात ते कच्चे असतात. पडद्यावर पूल आणि त्याखालची वाट या एकमेकींना चिकटलेल्या दोन रेषा. अशा फाट्यावर चालकाचे डोळे आणि रस्त्यावरची ठळक पाटी यांना पर्याय नाही. त्यामुळे यंत्र निवडताना पडदा रात्री मंद होतो का आणि तो नजरेच्या रेषेत बसतो का, हे प्रश्न गौण ठरत नाहीत.

१९/
नकाशाच्या मालकीचा प्रश्नही पुढे सरकला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली आणि अतिसूक्ष्म तपशील भारतीय संस्थांपुरते राखले. भारताच्या स्वतःच्या स्थाननिश्चिती प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. तिला २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले. एकेकाळी प्रतिबंधित असलेला किनारा आज कोणाच्याही खिशात आहे.

२०/
२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे हलली. त्या गावांच्या वाटा जुन्या कार्डांतील नकाशांत अजूनही असतील आणि विमानतळ नसेल. जेथे टेकडी आणि नदीसुद्धा जागेवर राहत नाहीत, तेथे गाडीत कायमचा नकाशा बसवणे व्यर्थ आहे. नकाशा बदलता राहू द्यावा, चाकांशी असलेला धागा तोडू नये, आणि पुलाच्या तोंडाशी पाटी वाचावी.

(समाप्त)