घरच्या इन्क्युबेटरमध्ये पहिल्यांदा अंडी उबवताय? २१ दिवसांचा हिशेब समजून घ्या

खुडूक कोंबडी वेळेवर मिळेलच असे नाही. त्यामुळे गावठी कोंबड्या पाळणारे अनेकजण आता छोटे इन्क्युबेटर घेत आहेत. मात्र पहिल्याच खेपेला निम्मी अंडी वाया गेली की यंत्रालाच दोष दिला जातो. खरे कारण बहुतेकदा अंड्यांची निवड, चुकीचे तापमान किंवा शेवटच्या तीन दिवसांतली घाई हे असते.

अंडी कोणती घ्यावीत?

दुकानातली पोल्ट्रीची अंडी चालत नाहीत. तिथे कोंबडा नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या कळपातली, सात दिवसांच्या आतली अंडी घ्या. ती धुऊ नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. निमुळते टोक खाली करून गार जागी ठेवा. तडा गेलेली, फार लहान किंवा वेडीवाकडी अंडी बाजूला काढा.

जातीचाही विचार करा. झाबुआकडचा कडकनाथ शुद्ध जात असल्याने पिल्ले तशीच निघतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा किंवा ग्रामप्रिया मात्र संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी तेवढीच अंडी किंवा वजन देईल याची खात्री नाही.

तापमान आणि ओलावा

अंडी ठेवण्याआधी यंत्र २४ तास रिकामे चालवून बघा. स्वस्त यंत्रांचा आकडा अर्धा-एक अंश चुकू शकतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवून ताडून पाहा. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. बल्ब लावलेल्या, बिनपंख्याच्या थर्माकोल पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास हवे. तापमान थोडा वेळ उतरले तर अंडी सहसा तग धरतात. ४० च्या वर गेले तर पिल्ले लवकर मरतात.

आर्द्रता पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा. पाणी किती घालायचे हे गावावर आणि हंगामावर ठरते. गोव्यात पावसाळ्यात हवाच दमट असते, तिथे ट्रेमध्ये पाणी कमी लागते. इंदूर-हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात रोज भरावे लागते.

दिवसांचा हिशेब

- १ ते १८ : दिवसातून किमान तीन वेळा अंडी फिरवा, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. सोमवारी ठेवलेली अंडी तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी फुटतात.
- ७ वा दिवस : अंधारात टॉर्चवर अंडे धरून बघा. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे चांगले. अगदी स्वच्छ दिसणारे किंवा आत नुसते रक्ताचे कडे असलेले काढून टाका.
- १८ वा दिवस : फिरवणे बंद, पाणी वाढवा, झाकण लावा.
- २० ते २१ : कवचाला भोक पडते. तिथून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात.

हात लावायचा नाही

भोक पडून चार तास झाले की माणसाचा जीव राहत नाही. पण झाकण उघडले की ओलावा निघून जातो, आतला पडदा सुकतो आणि पिल्लू त्यात अडकते. कवच आपण सोलले तर अजून न आटलेल्या शिरांमधून रक्त जाऊन ते मरू शकते. बाहेर आलेल्या पिल्लांचीही काळजी नको. पोटातल्या बलकावर ती २४ तास सहज राहतात. अंगावरची पिसे कोरडी झाल्यावरच काढा.

वीज गेली तर?

यंत्र उघडू नका. हवेची भोके मोकळी ठेवून वरून घोंगडी टाका. दोन-तीन तासांच्या भारनियमनाने सगळे संपत नाही. पिल्ले फक्त थोडी उशिरा निघू शकतात. म्हणून २१ व्या दिवशी यंत्र बंद न करता २३ व्या दिवसापर्यंत वाट पाहा.

पिल्ले निघाल्यावर

पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंशांची ऊब द्या, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यातच लागते, त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, साधारण निम्मे कोंबडेच निघणार. त्यांचे काय करायचे, हे अंडी ठेवतानाच ठरवलेले बरे.