कडू कवठ (कुष्ठरोगावरील उपयोग)

कडू कवठ : (सं. तुवरक, लॅ. हिड्नोकार्पस लॉरिफोलिया). कोकण, गोवा व सह्याद्रीच्या सदापर्णी जंगलांतील वृक्ष. फळ गोल, कवच कठीण. औषधी तेल बियांचे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पश्चिम समुद्रकाठच्या तुवरकाचे वर्णन आहे. मुंबईत अँटॉप हिललगत वडाळ्याला असलेले कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. ॲकवर्थ तेव्हा मुंबईचे महापालिका आयुक्त होते. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर देशातील कुष्ठालयांची भिस्त मुख्यतः याच तेलावर, आणि ब्रह्मदेश-आसामकडील चौलमुगऱ्यावर, होती. पोटात घेतल्यास मळमळ होई, सुई टोचल्यास दुखे. तरीही ते टिकले.

हे तेल निव्वळ समजुतीवर चालले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे : कुष्ठरोगाचे काही प्रकार आपोआप ओसरतात, आणि उपचार न केलेल्या रुग्णांशी काटेकोर तुलना तेव्हा क्वचितच झाली. पण एवढ्यावरून तेल निरुपयोगी ठरत नाही. फ्रेडरिक पॉवर यांनी १९०४-०५ च्या सुमारास त्यातून वेगळी केलेली चौलमुग्रिक व हिड्नोकार्पिक ही आम्ले नेहमीच्या मेदाम्लांहून वेगळी आहेत. त्यांच्या शृंखलेच्या टोकाला पाच कार्बनांचे कडे असते. हिड्नोकार्पिक आम्ल जंतूंच्या बायोटिन-वापरात अडथळा आणत असावे, असे १९७३ मधील प्रयोगांवरून सुचवले गेले. ते प्रयोग कुष्ठजंतूच्या एका भाईबंदावर होते. पुढे १९७५ मध्ये उंदरांमधील कुष्ठजंतूंवरही या आम्लांचा परिणाम दिसला. म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवण्यापेक्षा तेल जंतूची वाढ रोखते, असे मानणे अधिक सयुक्तिक. वनस्पतिजन्य औषधांविषयी लिहिताना या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. झाडाला स्वतःला या आम्लांचा काय उपयोग, हा प्रश्न निराळा. माणसावरील गुणावरून त्याचे उत्तर काढता येत नाही. गुण खरा, पण दुबळा, हाच निष्कर्ष पुराव्याला धरून आहे. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात हे तेल नाही.

इतर उपयोग : केरळात बियांचे तेल दिव्यांसाठी वापरतात.